तीनशे उजवे

“तू जगाला धंद्याचा सल्ला देतेस म्हणे! मग दे बापालाही. बुटांचा कारखाना चालू ठेवू, की कुलूप ठोकू?”

तब्बल नऊ वर्षांनी बाबांनी तिच्याशी उच्चारलेले हे पहिले शब्द! ना ‘ये’, ना ‘बस’... ताई दारातच थबकली. ‘बाबांनी बोलावलंय’ असा धाकट्या भावाचा निरोप आला, तेव्हापासून तिने किती मनोराज्यं रचली होती. बाबा विरघळतील, डोक्यावरून हात फिरवतील... आणि इथे खिडकीशी, दुपारच्या उन्हात, तोच ताठ, तोच करडा म्हातारा! ती समोरच्या स्टुलावर बसली.

कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. तिने शाळा सोडली, धाकट्याला लहानाचं मोठं केलं आणि बाबांच्या हाताखाली चामडं कापायला शिकली. बावीस वर्षं तिने ते काम केलं, लग्नाचा विषय हसून टाळला. असलं काळीज घेऊन जन्मलेल्या बायकांचा घराला फार उपयोग होतो; त्यांचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही!

आणि मग ती सकाळ उजाडली. दीडशे जोडांची मोठी ऑर्डर होती. चामडं कापताना एक तुकडा कापला की पुठ्ठ्याचा साचा उलटा करायचा आणि दुसऱ्या पायाचा तुकडा कापायचा, हा तिथला पहिला धडा. पण कापायला बसला होता धाकटा. घरात त्याचं आठ दिवसांचं बाळ, डोळ्याला डोळा लागलेला नाही... तो साचा उलटा करायलाच विसरला! तीनशेच्या तीनशे तुकडे उजव्या पायाचे! चामड्याची गुळगुळीत बाजूच बाहेर यायला हवी, म्हणून तुकडा पालथा करून डाव्या पायाला चालत नाही; अर्धा माल मातीमोल. आणि बाबांनी धाकट्याला आधीच बजावलं होतं, “आणखी एक चूक, की तू या घराबाहेर!”

“मी कापलं, बाबा,” ताई म्हणाली होती.

बाबांनी एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपला, खाली ठेवला. “मग तू नीघ,” एवढंच बोलले.

ती निघाली. भाड्याची खोली घेतली, नोकऱ्या लावून देणाऱ्या एका ऑफिसात फोन घ्यायला लागली. तिथे येणारी माणसं पाहता पाहता तिला उमगलं, की हातातलं काम सुटलेल्या माणसाला नोकरीआधी कुणीतरी ऐकून घेणारं हवं असतं. पाव भाजायचं स्वप्न पाहणारा बँकेतला कारकून, रोपं विकू पाहणारा ड्रायव्हर... ती ऐकत गेली, वाट सुचवत गेली. हळूहळू लोक तिचंच नाव काढत येऊ लागले आणि तिने स्वतःचं ऑफिस थाटलं. प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?’ जो हे न लपवता सांगतो, तो पुढचं सगळं शिकतो, असा तिचा अनुभव होता.

आज मात्र तिने तो प्रश्न गिळला. गिऱ्हाइकं किती तुटली, यंत्रं कशी आहेत, हेच विचारत राहिली. बाबा तुटक उत्तरं देत होते. भिंतीला टेकून उभा असलेला धाकटा अचानक बोलला.

“ताई, सगळ्यांना आधी जे विचारतेस ते विचार ना. तुझ्याकडे येऊन गेलेल्या एकाने सांगितलंय मला.”

“गप्प बस, बाळ्या!” ताईने त्याला अडवलं. “त्याची इथे गरज नाही.”

“आहे! बाबा... ते चामडं मी कापलं होतं. ताईने नाही... मी!” आणि चाळिशीला टेकलेला तो बाप्या मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडू लागला.

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. “माहीत आहे मला.”

“काय?” ताई ताडकन उठली.

“हा डावखुरा. याची सुरी उलट्या अंगाला कलते, कापल्या कडेवर कळतं. हातात घेताच ओळखलं मी... वाटलं, थोरली बाहेर पडली तरी उभी राहील. हा मात्र बायकोपोरासकट मोडून पडेल. म्हणून तुझं खोटं मी खरं धरलं.”

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. “नऊ वर्षं, बाबा! तापाने फणफणत एकटी पडायची, तेव्हा मनाला समजवायची, की बाबांना ठाऊक नाही म्हणून ते येत नाहीत... त्या एका समजुतीवर जगले मी! आणि तुम्ही...”

“ठाऊक होतं म्हणूनच येता आलं नाही, पोरी,” त्या करड्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळले. “कोणत्या तोंडाने येणार होतो?”

ती दाराकडे वळली. धाकट्याने तिचा हात घट्ट धरला. “मला मार, ताई... पण जाऊ नकोस!”

तिने खाली पाहिलं. सुरीच्या खुणांनी भरलेला तो हात... याच हाताला धरून तिने त्याला चालायला शिकवलं होतं! राग गेला नव्हता. पण रागाच्या खालून माया उसळून आली, आणि ती तिथेच त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

“बाळ्या, खरं सांग. तुला चामडं कापायला आवडतं?”

“कधीच नाही,” तो नाक पुसत म्हणाला.

“मग काय आवडतं?”

“माप घ्यायला. कुणाचा पाय सुजलेला असतो, कुणाची बोटं वाकडी... त्यांना नेमकं कुठे टोचेल, ते हात लावताच कळतं मला.”

“ऐकलंत, बाबा? कुलूप नका लावू. दुखऱ्या पायांसाठी मापाचे बूट करा. माप हा घेईल. कापायला चांगला माणूस नेमा.”

“माणूस कशाला? तू परत ये... घर तुझं आहे.”

“घरी येईन, बाबा. कामावर नाही. रागाने म्हणत नाही... पण माझं काम आता दुसरं आहे.”

बाबांनी खिडकीकडची नजर तिच्याकडे वळवली. मग सगळा ताठा गळून पडलेल्या आवाजात त्यांनी विचारलं,

“ते काम बघायला मी आलो, तर चालेल?”

तिचे डोळे भरून आले. ओठांवर मात्र हसू फुटलं. “या ना. पण बाहेर नंबर लावून बसावं लागतं हं... सगळ्यांसारखं.”

“बसेन,” बाबा म्हणाले.