परीची पाठ

पँट आखूड करायला टाकली होती. ती आणायला मी शिंप्याकडे, आमच्या मास्तरकडे गेलो, एवढंच माझं काम. त्या सकाळी गेलो नसतो तर हे कोणालाच कळलं नसतं. मास्तर स्वतःहून सांगणारा माणूस नव्हता.

एकटाच राहायचा. पुढे दुकान, मागे खाट. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगी लांब, तिचा फोन सहा महिन्यांतून एकदा. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर कापडांचा ढीग असायचा. बसायला येणारं कोणी नव्हतंच.

आता आदल्या रात्रीचं सांगतो. अकरा फेब्रुवारी, बुधवार. पावणेदहा वाजलेले. शाळेच्या कार्यक्रमाचे बारा झगे मास्तरने खुंट्यांना लावले होते. पऱ्यांचे. मागे जाळीचे पंख.

"परीला पंख असतातच की, आजोबा. टीव्हीवर बघा."

टीव्हीवर उंदीर मोटार चालवतो. जुन्या माणसांच्या परीला पंख नव्हते. पुढून देखणी, मागून पोकळ. वठलेल्या खोडासारखी. म्हणून ती कोणाला पाठ दाखवत नाही. पंख चित्रवाल्यांनी नंतर चिकटवले, ते भोक झाकायला. आता मधे बोलू नका.

तर दारात एक मुलगी उभी. दहाएक वर्षांची.

"मलाही शिवा," म्हणाली.

"ही काय यायची वेळ? शाळेने बाराच सांगितलेत. आई कुठंय तुझी?"

"नाही."

"बाप?"

"कोणीच नाही."

 मास्तर उठला, टेप घेतली. खांदा मापला, बाही मापली. "वळ," म्हणाला. ती वळली नाही. तेव्हा त्याने टेपचं एक टोक मानेशी धरलं आणि दुसरं पाठीला लावायला हात मागे नेला.

टेप आत गेली. हातही गेला. मनगटापर्यंत...

आत गार होतं म्हणाला. बंद घरात असतं तसं.

"झगा नको," ती म्हणाली. "पाठ शिवता येईल?"

दुसरा कोणी असता तर पळाला असता. मास्तरने खुर्चीवरची कापडं उचलली आणि तिला बसवलं. पांढरं अस्तर कापलं. नवं रीळ काढलं, सुईत दोरा ओवला. पहाटेपर्यंत हाताने शिवत होता. ती बोलत होती. काय बोलली, ते त्याने मला सांगितलं नाही. विचारलं तर नुसता हसला. तीन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटचा टाका झाला.

"दोरा तोडा," ती म्हणाली. "तोडलात की मी जाईन. परत येणार नाही."

कातर समोर होती. मास्तर म्हणाला, "कातर सापडत नाही."

ती उठली. पहिल्यांदाच पाठ फिरवली. दाराबाहेर गेली. टेबलावर रीळ फिरत राहिलं...

मी पोचलो तेव्हाही दोरा बाहेर गेलेला होता. रस्त्यावरून, जमिनीला न टेकता. ताठ. दुसरं टोक दिसत नव्हतं.

"तोड तो दोरा, लेका."

"तोडला की संपलं."

"नाही तोडलास तर तू संपशील."

"माझं आता काय राहिलंय?"

मी पँट घेतली आणि निघालो. मी तोडायला हवा होता. नाही तोडला.

शुक्रवारी दुकान उघडलं नाही. कडी आतून. आम्ही चौघांनी दार फोडलं. दिवा चालू होता. रीळ रिकामं. मास्तर नव्हता.

खाटेवर त्याचा शर्ट होता. सगळी बटणं लावलेली. मी उचलला...

शर्टाला मागची बाजू नव्हती. कापून नेलेली. कडा आत दुमडून हाताने शिवल्या होत्या. बारीक टाके, सगळे सारखे.

चाळीस वर्षं मी त्याच्याकडून कपडे शिवून घेतले. ते टाके त्याचे नव्हते.