वेगाप्रमाणे आवाज

बाबांची लांब पल्ल्याची मोटरसायकल तिने विकली नाही. साठीला नवा स्पीकरचा सेट बसवून देईन, असं तिने त्यांना कबूल केलं होतं. आज-उद्या करत राहून गेलं. ते गेल्यावर दोन महिन्यांनी ती गाडी घेऊन त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेली.

"दहा वर्षं डोकं खाल्लं माझं," पुढचं कव्हर उतरवत मेकॅनिक म्हणाला. "वाऱ्यात गाणी ऐकू येत नाहीत, काहीतरी कर. आता करतोय, तर म्हातारा जागेवर नाही." मग त्याने उगाचच एक स्क्रू पुन्हा आवळला.

नव्या सेटला चाकाजवळच्या सेन्सरकडून वेग कळायचा. गाडी पळेल तसा आवाज चढायचा, थांबली की अगदी बारीक व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरामागच्या शेडमध्ये बाबांचा पेनड्राइव्ह लावला. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. तीन वीसला आवाज चढू लागला. चढला, उतरला, पुन्हा चढला. चार दहाला एकदम बसला.

तिसऱ्या दिवशीही तेच. मेकॅनिक आला, त्याने सेन्सरची वायर काढून घेतली. आवाज चढतच राहिला.

"वायर माझ्या हातात आहे," तो म्हणाला, आणि हात न पुसताच निघून गेला.

तिला त्या वेळा पाठ होत्या. बाबा गेले त्या दिवशी तिला संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं. बाबा आत्याकडे होते. तिने फोन केला, मी निघायच्या आत या. तीन वीसला ते निघाले. घाट, पूल, मग सरळ रस्ता. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, नीट स्टँडवर लावली आणि गाडीलाच टेकून बसले. समोरच्या पंक्चरवाल्याने घड्याळ पाहिलं होतं, चार दहा. डॉक्टर म्हणाले, दगदग झाली. घाई हा शब्द कोणीच काढला नाही.

आता रोज तो रस्ता तिला ऐकू यायचा. सेट बंद करावा, तर ते एकटेच येतील असं वाटायचं.

पाचव्या दिवशी तिने बाबांचं हेल्मेट उचललं. त्यातला माइक सेटला जोडलेला होता. आवाजातला पूल मागे पडल्यावर ती हळूच बोलली.

"बाबा, सावकाश या. मी थांबलेय."

आवाज किंचित उतरला.

मग तो चढला.

लेक थांबलीय म्हटल्यावर बाबा कधी सावकाश आले होते?

तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत उलटं फिरवलं. आरसे थरथरू लागले. आतून आई म्हणाली, बारीक कर गं.

एकदम शांत झालं.

तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. रोजच्यापेक्षा आठ मिनिटं आधी.