टर्बोचा सहावा आराखडा

ऐन चढावर ती गाडी बंद पडली तेव्हा मागे सात-आठ वाहनं खोळंबली, आणि त्यातलं पहिलं वाहन म्हणजे तिची स्कूटर.

गाडी जुनी, गोलसर, फिकट निळी. इंजिन मागच्या अंगाला. बाकीचे लोक हॉर्नवर हात ठेवून बसले होते. ती मात्र गाडीवाला पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता ते मान तिरकी करून ऐकत होती. मामाच्या गॅरेजमध्ये ती इंजिनं बांधायची. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून तिथे सगळे तिला मोजपट्टीच म्हणत.

ती खिडकीशी गेली. "एक सिलिंडर झोपलाय. हँडब्रेक ओढा, मी बघते."

आतल्या माणसाच्या बाहीला गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या आणि शेजारच्या सीटवर औषधांची पेटी. "नुसतं ऐकून कळलं तुम्हाला?"

"तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"मला गाईचं पोट ऐकू येतं," तो म्हणाला. "गाडीचं काही जमत नाही."

तो जनावरांचा डॉक्टर होता. तिने मागचं झाकण उघडून प्लगची सुटलेली वायर दाबून बसवली. गाडी खडखडत जागी झाली. एवढ्यावर दोघांनी आपापल्या वाटेने जायला हरकत नव्हती. पण त्याने विचारलं, "हिचा जोर वाढवता येईल का हो? घाटात अगदी रडते."

"येईल ना... टर्बो बसवला तर," ती बोलून गेली, आणि मग तिनेच जीभ चावली. असं एक इंजिन बांधायचं तिच्या मनात कितीतरी वर्षं होतं, आणि आजवर ते तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो गॅरेजमध्ये हजर झाला. खुर्ची पुढे केली तरी बसेना. बोलताना इकडून तिकडे फेऱ्या मारायचा, पाने उचलायचा, परत ठेवायचा. घाटापलीकडे एक घोडी अडली होती, त्याने सांगितलं. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढली, आणि तो पोहोचला तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. शिंगरू गेलं.

"मग नवी गाडी का नाही घेत?" तिने विचारलं.

"ही आईची. हिच्यावरच तिने मला चालवायला शिकवलं. नवी आणली की ही दारात उभी राहील... आणि उभी राहिलेली गाडी संपतेच, नाही का?"

ते खरंच होतं. तिने कागद ओढला.

"टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"मग अडचण कुठे आहे?"

"उष्णता. तुमच्या इंजिनाला पाणी नाही, नुसता वारा. वाऱ्यावर थंड होणाऱ्याला डिवचायचं म्हणजे जरा जपूनच."

"इंजिनाबद्दलच बोलताय ना?" त्याने विचारलं, तिच्याकडे न बघता.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. पलीकडे मामा टायर ठोकत होता. त्याची ठोकही जरा चुकल्यासारखी वाटली.

पहिला आराखडा आठवड्यात झाला. तेल थंड करायला वेगळा कूलर, मजबूत पिस्टन, दाब मोजकाच. तो घेऊन डॉक्टर शुक्रवारी गेला आणि मंगळवारी शंका घेऊन परत आला. दुसऱ्यात तिने कूलरची जागा बदलली. तिसऱ्यात टर्बो डावीकडचा उजवीकडे नेला. चौथा तिने स्वतःच फाडला. कारण विचारलं तेव्हा तिला धड सांगता येईना. एव्हाना 'अहो डॉक्टर'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. एका दुपारी पत्र्यावर सर कोसळली. तो कागदावर ओणवा झाला होता, त्याच्या केसांतून पाण्याचा एक थेंब सिलिंडरच्या चित्रावर पडला, आणि तो डाग तिने पुसला नाही.

मंगळवार ते शुक्रवार तिला धड झोप लागत नव्हती, जेवणात लक्ष नव्हतं. रस्त्यावर मागे इंजिन असलेली कुठलीही गाडी वाजली की हातातलं काम टाकून ती दारात. मामा बघायचा आणि पुन्हा टायरकडे वळायचा, हे तर आणखीच वाईट.

सहाव्या आराखड्याआधी गाडी आज नेमकी किती जोर देते ते मोजायचं ठरलं. मंगळवारऐवजी सोमवारीच येऊन, गाडी दिवसभर ठेवून डॉक्टर कामाला गेला. मामा आत बसला, ती मागे कार्ब्युरेटरवर वाकली.

"दाबलं बघ पूर्ण. अगदी तळाला," मामा ओरडला.

तिने पाहिलं, आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं. पायाखाली ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता, पण इथे हवेची झडप जेमतेम दोन-तृतीयांश उघडली होती. केबल ताणून सैल झालेली. बस, एवढंच. गाडीला टर्बो नको होता. अर्ध्या तासाचं काम हवं होतं. कालपरवा शिकायला लागलेलं माणूसही ही गोष्ट आधी बघतं, आणि तिने मात्र दोन महिने... दोन महिने ती काय बघत होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"उघडलं का पूर्ण?" मामाने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

केबल बदलली की तो यायचा कशाला? एवढाच विचार तिने केला. मग डॉक्टर आला, गाडी घेऊन गेला, आणि तिच्या जिवाला जो घोर लागला तो काही केल्या सुटेना. घाट, घोडी, पाऊण तास. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी तिने हातोडी बोटावर मारून घेतली. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. तो आला, नेहमीसारखा फेऱ्या मारू लागला, आणि ती उभ्याउभ्याच बोलली.

"तुझ्या गाडीला टर्बोची गरज नाही. केबल सैल आहे. मला सोमवारीच कळलं होतं."

तो जागच्या जागी थांबला. "मग सांगितलं का नाहीस?"

"कारण मग तू आला नसतास."

असं काही आपण एवढ्या सरळ बोलू, हे तिलाच वाटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. त्याने चावी टेबलावर ठेवली. "गाडी... राहू दे इथेच," एवढं पुटपुटून तो चालत निघून गेला.

तिने त्याच दुपारी केबल बदलली. मामाला शेजारी बसवून घाटापर्यंत चक्कर मारली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढली.

"कसली छान चढतेय," मामा म्हणाला, आणि त्याने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "झडप त्या दिवशी पूर्ण उघडली नव्हती ना?"

"तुला कळलं होतं?"

"अगं, चाळीस वर्षं पायाखाली केबलच दाबतोय मी."

मंगळवार आला तसा गेला. तिने निरोप पाठवला, गाडी तयार आहे. उत्तर आलं नाही. रागावणं तिला समजत होतं. पण गाडीवाचून हा घाटापलीकडे जातो कसा, हा प्रश्न तिला जागेवरून उठवायचा आणि परत बसवायचा. जनावरं थोडीच थांबतात? पुढच्या शुक्रवारी सकाळी तिने ठरवलं, आपणच गाडी त्याच्या दारात नेऊन ठेवायची. ती चावी घेऊन बाहेर आली, आणि समोर एक नवी कोरी जीप येऊन थांबली.

डॉक्टर उतरला.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"दवाखान्याची. फिरतीसाठी दिलीय." तो जीपच्या टपाकडे बघत होता. "महिना होऊन गेला."

ती मनात मोजू लागली. "म्हणजे चौथ्या आराखड्यापासून तू—"

"तिसऱ्या."

"आणि त्या जुन्या गाडीतून इथे यायचास तो—"

"जीप तुला दिसू नये म्हणून घरीच ठेवून यायचो." आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझं खोटं चार दिवसांचं. ते तू तोंडावर कबूल केलंस. माझं चार आठवड्यांचं, आणि मला तिथे उभं राहवेना. राग नव्हता गं. लाज वाटली."

हसावं की दोन शब्द सुनवावेत, तिला कळेना. आठ दिवस तिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तो मजेत जीपमधून फिरत होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली, गाडीमागे गेली, आणि जॅक सरकवला.

"काय करतेस?"

"इंजिन उतरवतेय. गरज असो नसो, मला ते टर्बोचं बांधायचंय. तू वरून हात घाल. पंख्याच्या मागे एक नट आहे, तो धरायचा. हे काम एकट्याने होत नाही."

ती गाडीखाली गेली. आता मध्ये सबंध इंजिन होतं. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"सापडला?"

"सापडला."

ती पाना फिरवू लागली. वरून त्याचा आवाज आला, पत्र्यातून येतो तसा, जरा घुमणारा. "एक विचारायचं होतं. हे इंजिन बांधून झालं की... मग कशासाठी यायचं मी?"

"तू सांग."

"मला कशासाठीच यायचं नाहीये. मला इथेच असायचंय, तू असशील तिथे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

पाना थांबला. त्याचे बूट तेवढे चुळबुळत होते.

"धरून ठेव," ती म्हणाली. "सोडू नकोस."

"नटाबद्दल बोलतेस की तुझ्याबद्दल?"

"दोन्ही."

शेवटचा बोल्ट निघाला. जॅकवर इंजिन हळूहळू खाली आलं, जागा मोकळी झाली आणि उजेड आत शिरला. तिने वर पाहिलं. तो वाकून तिलाच शोधत होता. कपाळावर काजळी, हात अजून तसाच पुढे केलेला. तिने तेलकट बोटांनी तो धरला.