बेचाळीस नंबरचा दगड

"आत्या, शटरवर ही लाल फुल्ली कुणी मारली गं?" सायकलवरून उतरायच्या आधीच ताई ओरडली.

"त्या शहाण्यांनी!" आत्याने हातातला पाना जीपकडे रोखला. "म्हणे धोकादायक इमारत. चार वाजता बुलडोझर येतोय."

नवा हायवे झाला आणि या जुन्या रस्त्यावरचे धंदे बसले. पेट्रोलपंपाचा नुसता पत्रा उरला, सोडावॉटरच्या कारखान्यात शेळ्या बसायला लागल्या, लॉजचं छप्पर खाली आलं. तग धरून होतं ते फक्त आत्याचं टायरचं दुकान. मागच्या खोलीत ती राहायचीही. ताई, चष्म्या आणि ढब्बू ही तिची भाचरं दर सुट्टीत तिथेच पथारी टाकत.

जीपमध्ये काचा वर करून बांधकाम खात्याचे साहेब गारव्यात बसले होते. कामाला आले होते म्हणे!

"काका, पडायला आलंय ते लॉज. हे दुकान ठणठणीत आहे," चष्म्या म्हणाला.

साहेबांनी चार बोटं काच खाली केली. "बेचाळीस नंबरच्या दगडापासून तीनशे मीटर, डाव्या हाताची इमारत. कागदावर आहे. शिपायाने मोजलं, हीच आली."

"पण डोळ्यांनी दिसतंय की!"

"सरकार कागदावर चालतं, बाळ." काच वर!

"बाळ म्हणे! स्वतःला तर गाडीतून उतरवायला कुणीतरी लागतं!" चष्म्या धुमसला.

तिघं दगडाकडे निघाली. वाटेत लॉजच्या भिंतीवर जुनी जाहिरात होती: 'दगड ४२ पासून फक्त शंभर पावलं!' ढब्बूने लांब टांगा टाकत मोजली. बरोब्बर शंभर!

"म्हणजे दगडापासून लॉज जवळ, आणि तीनशे मीटरवर आत्या," ताई म्हणाली. "मग कागद कुठल्या दगडाबद्दल बोलतोय?"

"दगड एकेक किलोमीटरवर असतात," चष्म्या उडालाच. "मागच्या दगडापासून मोजू या!"

सायकलच्या चाकाला चिंधी बांधली. एका फेऱ्याला दोन मीटर. एक्केचाळीसपासून बेचाळीसपर्यंत सहाशे दहा फेरे! पुढे त्रेचाळीसपर्यंत फक्त तीनशे नव्वद!

"दगड सरकलाय! दोनशे वीस मीटर!"

दुकानात परतून सांगितल्यावर आत्याने कपाळावर हात मारला. "लॉजवाल्याचा प्रताप! भिंतीवर शंभर पावलं लिहून बसला आणि गिऱ्हाइकं भांडायला लागली. जाहिरात खोडायची सोडून त्या दीडशहाण्याने दगडच ओढून आणला असणार!"

चारला बुलडोझर आला. मागोमाग साहेबांच्याही वरच्या इंजिनियर मॅडम आल्या. साहेब टुणकन जीपमधून उतरले. बुटांना धुळीचा कण नव्हता.

"मॅडम, दोन दगडांत किती अंतर असतं?" ताईने विचारलं.

"एक किलोमीटर."

"मग यांना एक्केचाळीसपासून बेचाळीसपर्यंत मोजायला सांगा ना."

"पोरं आहेत, मॅडम. खेळतायत," साहेब हसले.

मॅडमनी मोजायचं चाक त्यांच्याच हातात दिलं. "मोजा."

भर उन्हात साहेब घाम पुसत चाक ढकलत निघाले, आणि ढब्बू मागून मोठमोठ्याने आकडे वाचत गेला. शेवटचा आकडा त्याने दोनदा वाचला. "एक हजार दोनशे वीस! एक हजार दोनशे वीस!"

"शिपायाने... ऊन फार होतं, मॅडम..."

"एका बाईचं घर पाडायला निघालात, आणि गाडीतून उतरायचा कंटाळा?" मॅडम कडाडल्या. "दगडाच्या खऱ्या जागेपासून तीनशे मीटरवर लॉजच येतं. बुलडोझर तिकडे वळवा! आणि मुलांनो, आमच्या ऑफिसने करायचं काम तुम्ही केलंत. शाब्बास!"

"मला शंका होतीच," साहेब पुटपुटले. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्या मटकन टायरवर बसली.

"आत्या, रडतेस?"

"रडू नको तर काय करू? दुपारी सामान बांधायला काढलं होतं मी. चादरी बांधल्या, भांडी बांधली, पण जायचं कुठे तेच सुचेना." तिने काळ्या, तेलकट हातांनी तिघांना जवळ ओढलं. "गुणाची गं माझी पोरं! चला, ते सामान सोडायला लागा."