तिसरं उपकरण

ऑफिसात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. घरात वाय-फाय नीट पोचतंय का असं गिऱ्हाइकानं विचारलं, की बाकीचे तंत्रज्ञ ‘झकास’ म्हणून मोकळे होत. हा मात्र आकडा सांगत बसे. आकड्याखेरीज कशावर विश्वास ठेवायची त्याला सवयच नव्हती, आणि इतक्या वर्षांत त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

त्या दुपारी साडेतीनला तो ज्या घरी गेला, ते रस्त्यापासून चार पायऱ्या खाली होतं. दगडी भिंती हातभर जाड. उंबऱ्यातच त्याच्या मोबाइलची रेंज गेली. घरात एकट्या शिलाईवाल्या काकू. मशीनवर अर्धा शर्ट, काकूंच्या गळ्यात टेप, जमिनीवर कातरलेल्या चिंध्या. राउटर खिडकीत होता आणि त्याला लागून लाकडी हातांची एक खुर्ची. काकूंनी त्याच्यासाठी स्टूल सरकवलं, पण तिथून प्लगपर्यंत हात पोचेना, म्हणून तो सरळ खुर्चीतच बसला. काकू काहीतरी बोलणार होत्या.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “बसा.”

“तक्रार काय आहे?”

“फोनवर आवाज तुटतो. पूर्वी बरा यायचा. हल्ली एक शब्द ऐकू येतो आणि दोन गिळले जातात.”

“या भिंतींमधून टॉवरची रेंज येतच नाही, काकू. म्हणून तुमचा फोन घरातल्या वाय-फायवरून कॉल घेतो. आणि हा राउटर बघा, चौथ्या पिढीचा. म्हातारा झालाय बिचारा. आता सहाव्या पिढीचा लावतो, म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं ऐकू येईल.”

“चार दहाच्या आत होईल ना? ह्यांचा फोन येतो तेव्हा.”

दूधवाला येतो म्हणावं, तितक्या साधेपणानं त्या बोलल्या.

काम तसं हातचा मळ होतं. नव्या राउटरला त्यानं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. तशी पद्धतच असते. मग घरातली उपकरणं आपापली जोडली जातात, कुणाला काही करावं लागत नाही. शेवटी ऑफिसच्या नियमाप्रमाणे त्यानं जुन्या पिढ्यांची जोडणी बंद केली.

“एखादं जुनं उपकरण रेंगाळत राहतं आणि बाकीच्यांना ताटकळावं लागतं,” त्यानं समजावलं. “आता जुन्यांना प्रवेश बंद.”

काकूंचा हात मशीनवर थांबला.

चार दहा झाले. फोन वाजला नाही. चार पंधराला काकूंनी तो उचलून बघितला, परत ठेवला, परत उचलला. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“येईल हो,” तो म्हणाला. “ते बाहेरून करत असतील, तर आपल्या राउटरशी त्यांच्या फोनचा संबंधच नाही.”

“बाहेरून नाही. ते इथलंच वाय-फाय वापरतात.”

त्यांनी बटणांचा डबा उघडला. बटणांखालून एक जुना मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. मागचं झाकण सैल होतं, आत बॅटरी नव्हती. ती फुगली म्हणून काकूंनी टाकून दिली होती. नंबरही केव्हाच बंद झाला होता.

“जाऊन तीन वर्षं झाली ह्यांना,” काकू म्हणाल्या. “वेड लागलंय म्हणा हवं तर, मुलगी म्हणतेच. पण एक दिवस चुकलेला नाही हो त्यांचा. तुम्ही ते जे बंद केलंत ना, ते तेवढं चालू करा.”

त्याला गलबलून आलं. अशा वेळी आकडे काय सांगायचे? चालू केल्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्यानं नियम मोडून लॅपटॉपवर जुन्यांची जोडणी परत चालू केली आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. काकूंचा फोन. टीव्ही.

मग तिसरी ओळ आली.

चौथी पिढी. समोर बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता, प्रत्येक उपकरणाचा असतो तसा. त्यानं हातातल्या मोबाइलचं झाकण काढलं. बॅटरीच्या रिकाम्या जागी चिकटवलेल्या कागदावर तोच पत्ता छापलेला होता. त्यानं बोट ठेवून ठेवून दोनदा वाचला. बाराही जुळत होते.

पत्त्यापुढे सिग्नलचा आकडा होता. तो उलटा वाचायचा असतो: मोठा म्हणजे उपकरण लांब, लहान म्हणजे जवळ. हातातला मोबाइल राउटरपासून वीतभरही दूर नव्हता. आकडा दाखवत होता एक्क्याऐंशी.

सत्तर.

अठ्ठावन्न. रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या साधारण तेवढ्याच अंतरावर होत्या. त्यानं दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती.

काकूंचा फोन वाजला.

“अहो!” त्यांनी झडप घालून कानाला लावला. “किती जीव टांगणीला लावायचा माणसाचा... हो, नवीन बसवलंय. हो ना. अगदी स्पष्ट. अहो, श्वाससुद्धा ऐकू येतोय.”

त्या हसत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. इतकं सुखी माणूस त्यानं कुठल्याच घरी पाहिलं नव्हतं.

पंचेचाळीस.

तेहेतीस.

हातातला मोबाइल थंडगार होता. पडदा काळा.

एकवीस. इतका लहान आकडा त्यानं राउटरला खेटून ठेवलेल्या उपकरणाचाच पाहिला होता. राउटरला खेटून होती ती फक्त खुर्ची.

तिथून आकडा हलेना.

काकू बोलत होत्या फोनवर, पण बघत होत्या त्याच्या खांद्याच्या जरा वर.

“हो, तुमच्याच खुर्चीत बसलेत,” त्या म्हणाल्या. “प्लग तिथेच आहे ना, म्हणून.”

तो हातांवर भार देऊन उठू लागला. काकूंनी लगबगीनं हात वर करून त्याला थांबवलं.

“नका, नका, बसा. हे म्हणतायत, दमला असाल.” क्षणभर त्यांनी ऐकून घेतलं आणि मायेनं मान हलवली. “ते उभे राहतील म्हणतायत.”