तुळसाची गाठ

माझं तिसरं लेकरू जगलं, तर मी सुईणीचं काम शिकेन आणि त्याचं कुणाकडून काही घेणार नाही, असा नवस मी सटवाईला बोलले होते. विनोदिनी जगली. म्हणून निपाणीतल्या घरचं काम आवरून मी शालूबाई सुईणीच्या मागं हिंडू लागले.

शालूबाई पहिल्या दिवशीच म्हणाली, "वैनी, देवाला हात जोडून झालं असंल, तर आता त्येच हात तेलात बुडवा. पण नखं काढा आधी!"

पोटावर तळवा ठेवून बाळाचं डोकं ओळखायचं, कळ आली तरी ओढायचं नाही, नाळेतली नाडी उडायची थांबेपर्यंत ती बांधायची नाही, हे तिनंच शिकवलं. आणि सगळ्यांत आधी घरातल्या गाठी सोडायच्या. बाळंतिणीची वेणी, पोत्यांची तोंडं, पेटीची कडी. "घर मोकळं झालं की बाई मोकळी हुती," ती म्हणे.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. पौषातल्या एका दुपारी जयाबाईंच्या मळ्यातल्या घरून बोलावणं आलं. त्यांची धाकटी सून मालुबाई आदल्या रात्रीपासून अडली होती. अंगणात तंबाखू वाळत पडलेला. त्याचा उग्र वास बाळंतिणीच्या खोलीपर्यंत भरला होता.

आम्ही सगळ्या गाठी सोडल्या. तरी डोकं दिसायचं आणि परत मागं जायचं. मालुबाईचे ओठ पांढरे पडत चालले.

"हात लावून बघा, वैनी."

मी पाहिलं. डोकं सरळ होतं, वाट मोकळी होती.

"मग अडलंय कुठं?" शालूबाई स्वतःशीच म्हणाली. "मलाबी कळंना झालंय..."

तेवढ्यात आतल्या दाराशी बारीक आवाज झाला. कुणी नखानं दोरा उकलावा, तसा. थांबला... पुन्हा सुरू झाला. मी वर पाहिलं. चौकटीला काळा दोरा बांधला होता, धुरानं आणखी काळा झालेला.

"ही गाठ ऱ्हायली की!"

जयाबाईंनी माझा हात धरला. "ती न्हाय सोडायची. तुळसाची हाय... माजी थोरली सून. ह्याच खोलीत गेली, पोटातल्या पोरासकट. आळवंतिणीचं भूत हून येऊ नये म्हणून देवऋष्यानं बांधलीया. सोडली तर हिला घिऊन जाईल."

"आणि न सोडली तर?" मी विचारलं. त्यांनी माझा हात सोडला.

मला माझी गेलेली दोन लेकरं आठवली. त्यांच्यामागं मीही गेले असते, तर घरच्यांनी मलाही असंच बांधलं असतं का? मी दाराशी गेले. "तुळसाबाई," मी हळू म्हटलं, "तुला सोडते. हिला सांभाळून घे. दर वर्षी तुझी ओटी भरीन."

इतक्या वर्षांची गाठ, पण बोट लावताच सुटली. पलीकडून कुणी जोर लावत असावं, तशी. दोरा खाली पडला. तंबाखूचा वास विरला आणि ओल्या हळदीचा आला. मालुबाईनं किंकाळी फोडली...

मुलगी झाली. आम्ही नाळ उडायची थांबेपर्यंत वाट पाहिली.

"दोरा द्या, वैनी."

उकळत्या पाण्यातला दोरा काढून मी वळले, तर शालूबाईचे दोन्ही हात हवेतच होते. नाळ बांधलेली होती. काळ्या दोऱ्यानं.

"तुमी बांधलीसा...?"

"मी चुलीपाशी होते."

जयाबाई वाकल्या. गाठीचा पीळ त्यांनी निरखून पाहिला. "डावखुरी गाठ हाय ही," त्या कुजबुजल्या. "तुळसा डावरी हुती..."

ती मुलगी आज लेकुरवाळी आहे. मी दर वर्षी मळ्यातल्या त्या घराच्या उंबऱ्यावर रात्री ओटीचा खण उघडाच ठेवते. सकाळी त्याला गाठ मारलेली असते. डावखुरी.

बाई, तुमच्याही घरात अशी एखादी असेल, जिचं नाव कुणी घेत नाही. बाळंतपण जवळ आलंय तुमचं. तिच्या नावानं एक ओटी बोला, आणि तिला कुठं बांधलं असेल, तर कळा सुरू व्हायच्या आधी सोडा.