पायाखालचं फुप्फुस

मी मरून परत आलेला माणूस आहे. या अख्ख्या गल्लीत असा दुसरा नाही, शोधून दाखवा. आता खरं सांगायचं तर पुरता मेलो नव्हतो, परत आलो तेही माझ्या पायांनी नाही, आणि त्या पाऊण तासातलं मला एक अक्षर आठवत नाही. म्हणजे स्वतःच्या मरणालाही मी नावापुरताच हजर. तरी सांगणार मीच. कारण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो सांगायला बसला की रडतो, आणि रडक्या माणसाच्या तोंडून भुताची गोष्ट ऐकण्यात काय मजा?

तो म्हणजे माझा मेहुणा. तुमच्या आजीचा धाकटा भाऊ. घरात आम्ही त्याला 'तज्ज्ञ' म्हणतो. त्याला वाटतं मानाने म्हणतात. वाटू दे. आजी आत कपड्यांच्या घड्या घालतेय, ऐकत नाही असं दाखवतेय, तेव्हा जरा हळू बोलतो. जवळ या. आणि ए ढबू, ते मोबाइलचं दिवटं बंद कर. भूत काही फोटोत येत नसतं.

तर तज्ज्ञ अठरा वर्षं रुग्णवाहिकेत मागे बसतोय. काम एकच. ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या तोंडा-नाकावर मास्क घट्ट धरायचा आणि त्याला जोडलेली रबरी बॅग हाताने दाबायची. दाबली की हवा आत, सोडली की बाहेर. एवढंच. पण याच्या छातीचा भाता बघा! लग्नकार्यात पाहुण्यांना सांगायचा, "या हातांनी माणसं परत आणलीत मी." किती आणली ते विचारलं की पाणी प्यायला उठायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दवाखान्याने एक नवीन खोका आणला. काड्यापेटीएवढा. बॅग आणि मास्क यांच्यामधे बसवायचा. वायर नाही, काही नाही. हवा किती गेली, किती जोरात गेली, किती वेळाने गेली, सगळं हवेतल्या हवेत गाडीतल्या स्क्रीनवर उमटतं, आणि त्याच वेळी तिकडे दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवरही. नीट दाबलं तर हिरवी रेघ. घाई केली तर लाल, वर खोक्यातून बाईचा आवाज: "सावकाश." नियम साधा. सहा सेकंदांना एक. दाबा, सोडा, थांबा. दमेकरी असेल तर आणखी थांबा. कारण गेलेली हवा बाहेर यायला वेळ लागतो. ती यायच्या आत पुढची कोंबली तर माणूस श्वासाअभावी नाही, श्वासानेच गुदमरतो.

पहिल्याच आठवड्यात तज्ज्ञाची स्क्रीन लालेलाल. डॉक्टरीणबाईंनी बोलावून विचारलं, "मिनिटाला चाळीस? तुम्ही श्वास देताय की सायकलमधे हवा भरताय?"

घरी येऊन हा आमच्यासमोर थयथयाट करतो. "अठरा वर्षं! अठरा वर्षं दाबतोय, आणि आता हे काड्यापेटं मला शिकवणार?"

आता तुमच्यासारखं अर्धवट डोकं असतं तरी माणसाने हात सावकाश केला असता. पण तज्ज्ञाला पूर्ण डोकं आहे ना! शिकवणीसाठी गाडीत एक रबरी फुप्फुस दिलेलं होतं. खोटं. आरपार दिसणारी पिशवी, हवा भरली की फुगते, सोडली की बसते. याने काय केलं, जादाची बॅग घेतली, तिला खोका लावला, खोक्याला ते रबरी फुप्फुस जोडलं आणि सगळं बाकाखाली ठेवलं. पेशंट आला की हाताने पेशंटची बॅग, बिनखोक्याची, आपली जुनी चाळीसच्या चालीत. आणि पायाने बाकाखालची. पाय निवांत. सहा सेकंदांना बरोबर एक. का नसेल? पायापुढे कुणी मरत नव्हतं.

आणि दवाखान्यातली ती शहाणी माणसं! स्क्रीन हिरवी तर माणूस ठीक. कुणी गाडीचं दार उघडून बघायला तयार नाही. महिनाभरात तज्ज्ञाचा फोटो भिंतीवर. 'उत्तम श्वास'. फोटोला हार घातला नाही, एवढीच कसर.

मग एका शनिवारी त्यांनी एका शिंप्याला उचललं. वय चौसष्ट. दम्याचा. नाव मी रात्रीचं घेत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत शिंपी संपला. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन पाहिली. एकही लाल रेघ नाही. त्या तज्ज्ञाच्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत."

आणि हा म्हणाला, "हो."

हसू नका. इथे हसायचं नाही.

त्यानंतरचा मंगळवार. थंडीचे दिवस. तज्ज्ञ आणि त्याचा ड्रायव्हर ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर बदलून आणायला निघाले होते. ड्रायव्हरला सगळे 'मौनी' म्हणतात, कारण तो झोपेतही बोलतो. भरलेला सिलिंडर गाडीत चढवला, पावतीवर सही केली, मौनीने नव्या टायरांबद्दल भाषण सुरू केलं, आणि फोन वाजला. रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं. दवाखान्यातल्या फोनवरच्या बाईचा आवाज. पत्ता ऐकला आणि तज्ज्ञाच्या हातून पावती पडली.

पत्ता आमचा होता.

झालं असं की मला दम्याचा झटका आला. खरा. त्याआधी तीनदा मी खोटा दमा काढून तुमच्या आजीला पळवलं होतं, म्हणून चौथ्या वेळी ती कूस बदलून म्हणाली, "पुरे झाली नाटकं." मग दिवा लावला. मग माझे ओठ पाहिले.

मला गाडीत घातलं तेव्हा माझा श्वास थांबलाच होता. ही माझ्या उशाशी, बाकावर. तिचे पाय नेमके तिथे, जिथे एरवी तज्ज्ञाचा पाय असतो. याने सवयीने आधी खोक्याचं बटण दाबलं, पेशंटची नवीन फाईल उघडायची ती विसरला, आणि मास्क माझ्या तोंडावर दाबून सुरू झाला. फस, फस, फस, फस.

"अरे, हळू," ही म्हणाली.

"ताई, मला शिकवू नकोस."

"त्यांची छाती बघ. फुगलीय ती खालीच येत नाहीय."

"अठरा वर्षं…"

"खड्ड्यात गेली तुझी अठरा वर्षं! ते काळे पडतायत!"

खरंच पडत होतो म्हणे. ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटाला लावलेली, तिच्यातला आकडा घसरत होता. ऐंशी. बहात्तर. चौसष्ट. आणि जसा आकडा खाली, तसा तज्ज्ञाचा हात वर. घाबरला की हात पळतो, एवढंच अठरा वर्षांत शिकला होता तो. पुढून मौनी ओरडला, "पूल बंद आहे, वळसा मारावा लागेल, पंधरा मिनिटं जास्त!" आणि मग मौनीसुद्धा गप्प झाला.

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर डॉक्टरीणबाई. अगदी शांत आवाजात.

"छान चाललंय. असंच ठेवा."

तज्ज्ञाने मान वर केली.

स्क्रीनवर हिरवी रेघ होती.

त्याने डाव्या पायाकडे पाहिलं. डावा पाय इथे, उजव्याला चिकटून. उजवाही इथे. ताईचे पाय… ताईने दोन्ही पाय पोटाशी घेतलेले, बाकावर.

आणखी एक हिरवी रेघ.

त्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा…

हिरवी.

"आजोबा, गाडी हलत असेल ना, म्हणून दाबली जात असेल बॅग," ढबू म्हणतोय. शाबास. मीही हेच म्हटलं होतं. पण गाडी त्या क्षणी उभी होती. बंद पुलाशी. मौनी मागे वळण घ्यायला जागा शोधत होता.

तज्ज्ञ वाकला. बाकाखाली अंधार. दिव्याचा एक कवडसा.

बॅग दबली होती. मधोमध. जसा कुणी तळवा ठेवावा तशी.

मग सुटली.

रबरी फुप्फुस फुगलेलं होतं. थांबलं. बसलं. सगळी हवा गेली. चुरगळली पिशवी, पार चपटी झाली.

मग शांत.

आणि पुन्हा…

कुणी नव्हतं. बॅगेवर कुणीच नव्हतं.

"काय आहे खाली?" ही म्हणाली.

तो तसाच वाकलेला.

"अरे, काय आहे?"

त्याने स्क्रीनकडे बोट केलं. वरच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं. नवीन फाईल उघडली नव्हती ना. तिथे माझं नाव नव्हतं. वय चौसष्ट. पुरुष. दमा. शनिवारची तारीख.

शिंपी.

शिंपी श्वास घेत होता.

सहा सेकंद… एक.

तज्ज्ञाचे हात थांबले. भीतीने. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बॅग दाबायची थांबवली. आणि काय झालं माहीत आहे? माझ्या छातीतून हवा बाहेर आली. लांबलचक. किती वेळ येतच राहिली म्हणे. इतका वेळ याने ती आत कोंडून ठेवली होती. छाती खाली बसली.

बाकाखाली पिशवी फुगली.

"दाब," ही म्हणाली. तिला काही दिसलं नव्हतं. फक्त आवाज ऐकू येत होता, खालून. पण तिला कळलं. "आता दाब. त्याच्याबरोबर."

त्याने दाबलं.

खालून हवा सुटली. त्याने सोडलं.

थांबला. खालचं थांबलं होतं तोवर थांबला. खालचं फुगलं. याने दाबलं. एक वरचा, एक खालचा. एक मरणारा, एक मेलेला. आणि मधे हा शहाणा, ज्याला अठरा वर्षांनी एक मेलेला शिंपी माप शिकवत होता.

चौसष्ट. सत्तर. ब्याऐंशी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज तुमच्या हाताला तोड नाही."

हा रडत होता. म्हणाला, "मी नाही, मॅडम… मी नाही…"

"आवाज तुटतोय तुमचा," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यांना रेघ दिसत होती. हिरवी.

दोन अठ्ठावीसला गाडी दवाखान्याच्या दारात. त्र्याण्णव. मला आत नेलं. नळी घातली, मशीन लावलं. तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडले आणि नर्सला पहिलं वाक्य म्हणालो, "स्वर्गात जेवणाची वेळ किती?" ती पळून गेली. असो.

तज्ज्ञाने सकाळीच डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन सगळं कबूल केलं. पाय, बाक, शिंपी, सगळं. भिंतीवरचा फोटो उतरला. नोकरी जाता जाता राहिली. शिंप्याच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिला, त्याबद्दल तो काही सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. आता खोका पेशंटच्या मास्कलाच लावतो. 'सावकाश' ऐकलं की मान डोलावतो, शाळेतल्या पोरासारखी.

आणि भूत म्हणाल, तर मला विचारा. माझ्या मेहुण्याएवढं घाबरट जनावर मी पाहिलं नाही. सापडली असेल बॅग बाकाच्या पट्टीत, होत असेल वरखाली. फाईल बंद करायची विसरला, याला भूत म्हणत नाहीत, गलथानपणा म्हणतात.

एकच गोष्ट राहिली. ते रबरी फुप्फुस त्याने दुसऱ्या दिवशी फेकायला काढलं. कोरड्या हवेने भरायची वस्तू ती, पण तिच्या आत बाष्प साचलेलं. जसं थंडीत कुणी काचेवर तोंडाची वाफ सोडावी तसं. त्याने धुतलं, वाळवलं. सकाळी पुन्हा बाष्प. पुन्हा वाळवलं. पुन्हा. मग त्याची ते गाडीत ठेवायची छाती होईना. मी म्हटलं, दे इकडे भित्र्या, पोरांना भेदरवायला कामाला येईल. ते काय, त्या दाराच्या मागे, खिळ्याला. जा, हात लावून बघा. कुणी जात नाही? अरेरे, तज्ज्ञाचं रक्त! आतून जरासं दमट असतं, त्यात काय एवढं? रबर आहे. थंडीत घामेजतं.

आतून घड्या घालायचा आवाज थांबला. तुमची आजी दारात येऊन उभी राहिली.

"घामेजतं ना?" ती म्हणाली. "मग रोज पहाटे, मी झोपलेय असं समजून, त्याला कान लावून 'अजून श्वास पुरतील ना हो?' असं कोणाला विचारता?"